सहा मित्र, दोन गाइड आणि एक गुडघा

मागच्या अंकात एका उत्तरात मी किनाबालूचा नुसता उल्लेख केला होता. मलेशियाचा, बोर्निओ बेटावरच्या साबा राज्यातला ४०९५ मीटरचा डोंगर, 'जमलं तर जाऊन या' एवढंच म्हटलं होतं. त्या एका ओळीवर एवढी पत्रं आली की या महिन्यात युरोपचे रेल्वे पास, थायलंडचं सिमकार्ड, दुबईत मिक्सर नेऊ का वगैरे सगळं बाजूला ठेवलंय. पत्रं छोटी करून घेतलीत आणि नावं काढून टाकलीत, कारण पहिल्याच पत्रात एका मित्राच्या गुडघ्याबद्दल जे लिहिलंय ते त्या मित्राने वाचलं तर ट्रिपच कॅन्सल व्हायची.

प्रश्न: ताई, आम्ही कॉलेजपासूनचे सहा मित्र, सगळे पस्तिशीतले. मार्चमध्ये क्वालालंपूर आणि कोटा किनाबालू (साबाची राजधानी) अशी आठ दिवसांची ट्रिप ठरतेय, त्यातले दोन दिवस किनाबालू डोंगराला ठेवलेत. राजगड, हरिश्चंद्रगड, कळसूबाई सगळं झालंय आमचं. एकाचा गुडघा दोन वर्षांपूर्वी क्रिकेट खेळताना गेला होता, आता बरा आहे असं तो म्हणतो. आमचं ठरलंय की वर गेलो तर सहाही जण, नाहीतर कोणीच नाही. ऑनलाइन कोणी लिहितं लहान पोरंपण करतात, कोणी लिहितं मरता मरता वाचलो. नक्की किती अवघड आहे?

उत्तर: दोन्ही खरं आहे रे. पहिलं वाक्य लिहिणारा डोंगर चढून आलेला असतो आणि दुसरं लिहिणारा उतरून आलेला, माणूस बऱ्याचदा एकच असतो.

आधी आकडे बघू म्हणजे अंदाज येईल. आपल्या कळसूबाईचं टोक १६४६ मीटरवर. किनाबालूला जिथून चालायला सुरुवात होते ते टिम्पोहोन गेटच १८६६ मीटरवर आहे, म्हणजे महाराष्ट्र जिथे संपतो त्याच्याही दोनशे मीटर वर तुमची पहिली पायरी. पहिल्या दिवशी सहा किलोमीटर चालून ३२७२ मीटरवर पानालाबानला पोचायचं, तिथे लाबान राता वगैरे मुक्कामाच्या जागा आहेत. अंतर ऐकून हसू येतं, सहा किलोमीटर तर आपण पर्वतीला फिरायला जातो तेव्हापण होतं, पण त्या सहा किलोमीटरमध्ये १४०० मीटर उंची आहे आणि जवळजवळ सगळ्या पायऱ्या, त्याही एकसारख्या नाहीत. लाकडाच्या, दगडाच्या, मुळांच्या, काही घोट्याएवढ्या काही थेट गुडघ्याएवढ्या, त्यामुळे पायाला लय सापडत नाही. दुपारनंतर बहुतेक वेळा पाऊस येतो. संध्याकाळी साडेसात-आठला झोपा म्हणतात, झोप लागत नाही, दीड-दोनला उठवतात, काहीतरी पोटात ढकलायचं आणि अडीचला हेडटॉर्च लावून निघायचं. आधी लाकडी जिने, मग झाडी संपते आणि उघडा कातळ लागतो, ग्रॅनाइटचा, त्यावर पांढरे जाड दोर लावलेत ते धरून वर जायचं. ३६६८ मीटरवर सायात-सायात नावाची चौकी आहे, तिथे गळ्यातलं कार्ड बघून नोंद करतात आणि पहाटे पाचनंतर आलेल्याला पुढे सोडत नाहीत. कितीही गयावया करा. तिथून पुढे नुसता तिरका कातळ आणि दम, सहाच्या सुमारास उजाडतं, फोटो निघतात, सगळे एकमेकांच्या गळ्यात पडतात.

आणि मग खरा ट्रेक चालू होतो.

त्याच दिवशी शिखरावरून गेटपर्यंत उतरायचंय. २२२९ मीटर. सिंहगडाचा आतकरवाडीकडचा चढ साधारण सहाशे मीटरचा धरला तर जवळजवळ चार सिंहगड, सलग, फक्त उतार, आदल्या दिवशीच्या चढाने भरून आलेल्या मांड्या घेऊन आणि तीन-चार तासांच्या झोपेवर. मध्ये लाबान राताला नाश्ता करून सामान आवरायला वेळ मिळतो तेवढाच, साडेदहाच्या सुमारास खोल्या सोडाव्या लागतात. खाली येईपर्यंत धडधाकट पोरं जिन्यावरून आडवी, खेकड्यासारखी उतरताना मी पाहिलीत. आणि त्या डोंगराचा शेवटचा चावटपणा ऐका. सुरुवातीला गेटमधून आत गेल्यावर रस्ता थोडासा खाली उतरतो, एक छोटा धबधबा आहे तिथपर्यंत, जाताना आपण म्हणतो वा काय मस्त वॉर्मअप आहे. परत येताना तोच उतार चढ होऊन समोर उभा राहतो, गेट दिसतंय, पलीकडे गाडीपण उभी आहे, आणि वर जायला पायऱ्या. तिथे मी एका कॉलेजच्या मुलाला बसकण मारून रडताना पाहिलंय, इजा वगैरे काही नाही, नुसता वैताग.

आता तुमच्या मित्राचा गुडघा. 'बरा आहे असं तो म्हणतो' हे तू लिहिलंस त्यातच सगळं आलं. चढताना तो गुडघा बहुतेक काही बोलणार नाही, उतरताना चौथ्या-पाचव्या किलोमीटरला बोलेल. त्याला आत्ता, मित्र म्हणून टोमणे न मारता, एकदा डॉक्टरकडे पाठवा आणि मग एका शनिवारी सिंहगड चढ-उतार दोनदा करायला लावा, मध्ये फार न थांबता. दुसऱ्या उतारानंतर रविवारी सकाळी तो घरातला जिना कसा उतरतो ते त्याच्या बायकोला विचारा, त्याला नको.

पण मला गुडघ्याची काळजी कमी आहे, तुमच्या त्या 'सहाही जण नाहीतर कोणीच नाही'ची जास्त आहे. ते ऐकायला फार छान वाटतं, मैत्री वगैरे. मी स्वतः त्याच्यापायी एकदा सगळ्यांचा ट्रेक घालवलाय म्हणून सांगते. आम्ही पाच जण होतो, एकच गाइड. दोरांच्या खालीच आमच्यातल्या एकीला उलट्या सुरू झाल्या, डोकं धरून बसली. पहाटेचे साडेतीन, कातळ ओला, वारा असा की बोललेलं पुढच्याला ऐकू येत नाही. ती म्हणतेय तुम्ही जा, मी म्हणतेय तुला सोडून कसे जाणार, दुसरा म्हणतोय मी थांबतो, तिसरी म्हणतेय तू नको मी थांबते, प्रत्येकाला त्या क्षणी सगळ्यात चांगला मित्र व्हायचं होतं. गाइड बिचारा टॉर्च खाली धरून स्वतःच्या बुटांकडे बघत उभा. काळे रबरी बूट असतात त्यांचे, स्वस्तातले, तिथे त्याला गमतीने 'काम्पुंग आदिदास' म्हणतात, काम्पुंग म्हणजे गाव. त्याने मागून येणाऱ्या ग्रुपच्या गाइडशी बोलूनपण ठेवलं होतं, चार जणांतला एक खाली जाईल, उरलेले त्याच्याबरोबर वर. त्याला फक्त एक नाव हवं होतं. ते नाव द्यायला आम्हाला अर्धा तास लागला. शेवटी तिला घेऊन एक जण खाली गेला, आम्ही तिघं धावतपळत वर, सायात-सायातला पोचलो तेव्हा पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. झालं. खाली आल्यावर कोणी कोणाला काही बोललं नाही, तेच वाईट. ती मैत्रीण त्यानंतर आमच्याबरोबर एकदाही ट्रेकला आलेली नाही. बारशाला येते, दिवाळीच्या फराळाला येते, ट्रेकचं नाव काढलं की किचनमध्ये जाते.

म्हणून तुम्ही काय करायचं ते सांगते. तिथे गाइड घेतल्याशिवाय सोडतच नाहीत आणि एका गाइडमागे जास्तीत जास्त पाच जण, म्हणजे तुम्हा सहांना दोन गाइड लागणारच. लोक यावर कुरकुर करतात, एका माणसासाठी दुसऱ्या गाइडचे पैसे कशाला म्हणून. तुमच्यासाठी तर हे लॉटरी लागल्यासारखं आहे. तीन-तीनचे दोन गट पाडा, गुडघेवाला हळू चालणाऱ्या गटात, आणि त्याच्याबरोबर परत फिरणारा माणूस कोण हे कोटा किनाबालूच्या हॉटेलात, पोटभर जेवण झाल्यावर, नाव घेऊन ठरवा. नुसतं 'बघू तेव्हा' नाही. नाव. आपल्याकडे बॅकलीड, म्हणजे सगळ्यांच्या मागून चालणारा, ठरवतो ना ट्रेक निघायच्या आधी, तसंच, फक्त या बॅकलीडला शिखर सोडायची तयारी ठेवायला लागेल, आणि त्याला ते आधीच माहीत असेल तर पहाटे साडेतीनला तो मोठेपणा करत बसत नाही, उठतो आणि चालायला लागतो. हे ठरवताना गुडघेवाल्यालापण समोर बसवा, त्याच्यामागे ठरवू नका.

आणि कोणाला परत फिरावं लागलंच तर त्याला एक गोष्ट सांगा. शिखराचं नाव आहे लोज पीक, ह्यू लो नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यावरून. हा माणूस १८५१ मध्ये तिथे गेला, पुढे पुन्हा गेला, पण त्या टोकावर काही पोचला नाही. तिथे पहिल्यांदा पोचल्याची नोंद आहे ती जॉन व्हाइटहेडची, १८८८ ची. व्हाइटहेडचं नाव तुमच्यापैकी कोणी ऐकलं होतं का? लोचं नाव मात्र शिखराच्या सर्टिफिकेटवर. सर्टिफिकेटवरून आठवलं, शिखर केलेल्याला रंगीत मिळतं आणि अलीकडून परत आलेल्याला ब्लॅक अँड व्हाइट. माझ्याकडे दोन्ही आहेत, भिंतीवर ब्लॅक अँड व्हाइटच लावलंय.

प्रश्न: मागच्या अंकात वाचून आम्ही ऑगस्टचं बुकिंग करतोय. मधले चार महिने काय प्रॅक्टिस करू? जिमला जातो, ट्रेडमिलवर रोज पाच किलोमीटर.

उत्तर: ट्रेडमिल बंद कर असं म्हणणार नाही पण त्याने उतरायची प्रॅक्टिस होत नाही आणि तुला तीच हवीय. बिल्डिंगचा जिना घे, लिफ्टने वर जा आणि चालत खाली ये, शेजारी विचारतील हे उलटं काय चाललंय, विचारू दे. जसं जमेल तसं पाठीवर पाच-सहा किलोची सॅक. पावसाळ्यात गडाच्या ओल्या पायऱ्या मिळतील त्या सोडू नको, किनाबालूच्या पायऱ्या बाराही महिने तशाच ओल्या असतात. ट्रेकिंग पोल उघडून न बघता तसाच घेऊन येणारे खूप भेटतात, आधी इथेच वापरून बघ, उतारावर लांब करायचा असतो हे तिथे पोचल्यावर कळून उपयोग नाही. आणि दोर आला की पोल सॅकला बांधायचा, दोन्ही हात मोकळे.

प्रश्न: वय ५६, शाळेतून निवृत्त झालेय. तीस वर्षं सह्याद्रीत भटकलेय. सूनबाईंच्या ऑफिसचा ग्रुप किनाबालूला जातोय आणि ती मनापासून म्हणतेय आई तुम्हीपण चला. मला जायचंय. पण तिच्या मैत्रिणींना वाटेल म्हातारीला सांभाळायला लागतंय. काय करू?

उत्तर: अहो जा की! मला तुमचं पत्र वाचून त्या मैत्रिणींचीच काळजी वाटली. तीस वर्षं चाललेल्या बाईला आपला वेग माहीत असतो, ऑफिसच्या ग्रुपमधली निम्मी माणसं पहिल्या दीड किलोमीटरला पळतात आणि तिसऱ्याला जिभा बाहेर. वाटेत दर थोड्या अंतरावर पोंडोक म्हणून छपराचे निवारे आहेत, बाक, संडास आणि पाण्याची टाकी असते, पाणी गाळलेलं नसतं तेव्हा गोळी टाकून घ्या. तुम्ही प्रत्येक पोंडोकला पाच मिनिटं बसायचं आणि उठायचं, कोणी बसून राहिलं तर राहू दे. तिथल्या खारी मात्र फार आगाऊ आहेत, माझ्या मांडीवरचा बिस्किटाचा पुडा उचलून नेला एकीने, खायला घालू नका त्यांना.

दोन गोष्टी मात्र करून जा. तुम्ही लिहिलं नाहीत म्हणून विचारते, बीपीची किंवा कसली गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगून, हा डोंगर चार हजार मीटरचा आहे असं आकड्यासकट सांगून, विचारून घ्या. आणि सामान पोर्टरला द्या. तिथे किलोवर पैसे घेतात. आपल्या लोकांना यात उगाच कमीपणा वाटतो, स्वतःची सॅक स्वतः म्हणून. तुम्ही कॅमेरा, पाणी, रेनकोट आणि एक गरम कपडा जवळ ठेवा, बाकी देऊन टाका. त्याच वाटेने गॅसच्या टाक्या, अंडी, तांदळाची पोती डोक्याच्या पट्ट्यावर लटकवून पोर्टर वर जात असतात आणि त्यात बायकापण असतात, काही तुमच्या वयाच्या. एकीने मला मागे टाकलं तेव्हा हसून काहीतरी म्हणाली, मला भाषा कळली नाही, पण टोन सासूचा होता.

प्रश्न: आम्ही सिंगापूरला राहतो. शुक्रवारी रात्रीची फ्लाइट, शनिवारी सकाळी चढायला सुरुवात, रविवारी उतरून रात्री परत, सोमवारी ऑफिस. चार कपल्स आहोत. होईल ना? आणि २०१५ च्या भूकंपाबद्दल इथे सगळ्यांना आठवतं, घरचे घाबरतात, त्यांना काय सांगू?

उत्तर: होतं, लोक करतात, आणि त्यातलेच बरेच जण रात्री लाबान राताच्या संडासाबाहेर रांगेत डोकं धरून उभे असतात. समुद्रसपाटीवरून निघून चोवीस तासांच्या आत ३२७२ मीटरवर झोपायचं म्हणजे शरीराला नोटीसच दिलेली नाही. एक सुट्टी टाका. शुक्रवारी दुपारी पोचून पार्कच्या मुख्यालयापाशी किंवा कुंडासांगला राहा, दीड हजार मीटरच्या आसपास आहे, कोटा किनाबालूपासून गाडीने दोन तास. एका रात्रीने चमत्कार होत नाही पण पहाटेची धावपळ तरी वाचते आणि डोंगर समोर बघायला मिळतो, तोही सकाळी लवकर, नऊ-दहानंतर ढगात जातो. सोमवारी ऑफिसला जाल, पण मीटिंग जिना नसलेल्या मजल्यावर ठेवा.

भूकंपाचं. ५ जून २०१५ ला सकाळी, लोक शिखरावर आणि वाटेवर असताना सहा रिश्टरचा धक्का बसला, दरडी कोसळल्या, डोंगरावर १८ जण गेले. त्यात सिंगापूरच्या शाळेची मुलं होती, त्यांचे शिक्षक होते आणि तिथले गाइड होते. तुम्ही सिंगापूरला राहता म्हणजे मी जास्त सांगायला नको. गाइडला तिथे मालिम गुनुंग म्हणतात, त्या दिवशी वर अडकलेल्यांना त्यांनीच खाली आणलं, दरडींमधून वाट काढत. मेसिलाऊकडची जुनी वाट तेव्हापासून बंद आहे, शिखराची वाट दुरुस्त करून त्याच वर्षी डिसेंबरमध्ये उघडली. घरच्यांना 'काही होत नाही' असं सांगू नका, ते खोटं आहे. डोंगरावर गाइड सांगेल तसंच वागू, तो थांब म्हणाला की थांबू, पावसाने वाट बंद केली तर पैशाचा विचार न करता परत येऊ, हे सांगा, आणि तसं वागा. पाऊस जोरात असेल तर रात्री वरची वाट बंद करतात आणि पैसे परत मिळत नाहीत, तेव्हा भांडणारे लोक मी पाहिलेत. गाइडशी. पावसाबद्दल.

प्रश्न: डायमॉक्स, ती उंचीच्या त्रासावरची गोळी, घ्यावी का? मित्र म्हणतो लसूण आणि भीमसेनी कापूर पुरतो.

उत्तर: कापराचा वास छान असतो. बाकी उंचीचं दुखणं त्याने थांबत नाही. चार हजार मीटरला हवेतून मिळणारा ऑक्सिजन खालच्या मानाने साधारण साठ टक्क्यांवर येतो, तो कापराने वाढत नाही. डायमॉक्स घ्यायची की नाही, किती आणि कधीपासून हे डॉक्टरच सांगतील. सल्फाच्या औषधांची अॅलर्जी असेल तर त्यांना आधी ते सांगायचं, आणि मित्राच्या स्ट्रिपमधली उसनी घ्यायची नाही. ही गोळी घेतल्यावर बोटांना मुंग्या येतात आणि लघवीला सारखं लागतं, घाबरू नका. डोकेदुखी वाढत चालली, उलट्या थांबेनात, चालताना झोकांड्या जायला लागल्या की गोळी नाही, खाली. लगेच, अंधार असला तरी, पण एकट्याने नाही. या डोंगराचं एक बरं आहे, हिमालयासारखं खाली यायला दिवस लागत नाही, पाय चालत असतील तर हजार मीटर खाली काही तासांत येता.

प्रश्न: आम्ही शुद्ध शाकाहारी, कांदा-लसूण चालतो. वर उपाशी राहावं लागेल का?

उत्तर: नाही. भात, नूडल्स, भाज्या, ब्रेड, बटाटे असतात बुफेमध्ये, रश्श्यात काय आहे ते मात्र विचारून घ्या, सुकी मासळी आणि कोळंबीची पेस्ट तिथे आपल्या हिंगासारखी कशातही पडते. बुकिंग करतानाच शाकाहारी म्हणून लिहून ठेवा. पहाटेच्या चढाला खिशात गूळ-शेंगदाण्याची चिक्की ठेवा, गार पडली की दात पडतील अशी होते म्हणून आतल्या खिशात, अंगाला लागून. चॉकलेटचं पण तेच. थर्मासमध्ये आल्याचा चहा नेलात तर गाइडला आधी द्या.

प्रश्न: आमचा दहा जणांचा ग्रुप आहे, प्रत्येक शिखरावर आम्ही भगवा फडकवतो आणि शिवगर्जना देतो. परदेशातलं आमचं पहिलंच शिखर. तिथे चालेल ना?

उत्तर: हा प्रश्न विचारलात हेच आवडलं, बरेच जण न विचारता करतात आणि मग व्हिडिओ टाकतात. किनाबालू हा तिथल्या कादाझान-दुसून लोकांसाठी पितरांचा डोंगर आहे, अकी नाबालू म्हणतात, मेलेल्या माणसांचे आत्मे तिथे विसाव्याला जातात असं ते मानतात. दरवर्षी डोंगराची परवानगी मागायचा विधी होतो, त्यात पांढऱ्या कोंबड्या आणि विड्याची पानं असतात. वाचून ओळखीचं वाटलं ना? आपल्याकडे गडावरच्या देवीला, वेताळाला हेच तर देतात. तर अशा जागी मोठ्याने ओरडणं त्यांना आवडत नाही. २०१५ मध्ये काही परदेशी पर्यटकांनी शिखरावर कपडे काढून फोटो काढले, त्यांतल्या चौघांना पुढे कोर्टाने तीन दिवसांची कैद आणि दंड केला, पण त्याआधीच, फोटोंनंतर काही दिवसांतच, भूकंप आला तेव्हा गावातल्या लोकांनी त्याचा काय अर्थ लावला असेल ते तुम्हाला कळेल, आपल्या आजीनेपण तोच लावला असता.

झेंडा हातात धरून फोटो काढायला गाइडला विचारा, मला नाही वाटत तो नको म्हणेल, रोवायचा नाही, बांधून ठेवायचा नाही, घडी करून परत आणायचा. गर्जना खाली, गेटच्या बाहेर, पार्किंगमध्ये द्या, तिथे उतरून आल्यावर दहांतल्या किती जणांच्या घशात आवाज उरतो बघा. आमच्या दुसऱ्या खेपेला ग्रुपमधल्या एका काकांनी वर नुसते हात जोडले आणि हळू आवाजात 'जय शिवराय' म्हटलं. शेजारी उभा असलेला गाइड वळला आणि त्यानेपण हात जोडले, त्याला वाटलं प्रार्थना चाललीय.

प्रश्न: हातमोजे नेऊ का? मलेशिया तर गरम देश आहे.

उत्तर: ने, आणि दोन जोड ने. कोटा किनाबालूला टी-शर्टमध्ये घाम पुसत नारळपाणी प्याल आणि दुसऱ्या पहाटे शिखरावर शून्याच्या आसपास असेल, वर वारा. लोकरीचे नुसते नेशील तर पहिल्याच ओल्या दोराला भिजतील आणि मग हात आहेत का नाहीत कळत नाही. एक जोड पातळ, आतून, आणि वरून तळव्याला रबर असलेले, आपल्याकडे हार्डवेअरच्या दुकानात बांधकामाचे मिळतात तसे, पन्नास-शंभर रुपयांचे. दोरावर तेच सगळ्यात चांगले धरतात. तिथला गाइडपण असलेच घालतो.